येशू ख्रिस्त देव होते, माणूस होते की फक्त कथा? कोण काय मानतं?

डिसेंबर आला की सोशल मीडियावर एक वाद हमखास रंगतो. येशू देव होते, माणूस होते, की अशी व्यक्ती झालीच नाही? यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. येशू होऊन गेले का, हा इतिहासाचा प्रश्न. ते देव होते का, हा श्रद्धेचा.

इतिहासकार काय म्हणतात?

येशू ही खरी व्यक्ती होती, असं बहुतेक इतिहासकार मानतात. इ.स. 93च्या सुमारास ज्यू इतिहासकार जोसेफस यांनी येशूंचा भाऊ याकोब याचा उल्लेख केला. त्यांच्याच ग्रंथातल्या येशूंवरच्या दुसऱ्या उताऱ्यात मात्र नंतर भर घातली गेली, असं अभ्यासक मानतात. 116च्या सुमारास रोमन इतिहासकार टॅसिटस यांनी ‘ख्रिस्त’ याला पंतय पिलात या रोमन अधिकाऱ्याच्या काळात मृत्युदंड झाल्याचं लिहिलं. चमत्कार आणि पुनरुत्थान मात्र इतिहासाच्या साधनांनी सिद्ध करता येत नाही.

ख्रिस्ती धर्म

बहुतेक ख्रिस्ती पंथांच्या मते येशू पूर्ण देव आणि पूर्ण मानव आहेत. ही मांडणी इ.स. 451च्या कॅल्सेडन परिषदेत झाली. त्याआधी एरियस या धर्मगुरूने म्हटलं होतं की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, त्याच्या बरोबरीचा नाही. 325च्या निकिया परिषदेने हे मत फेटाळलं.

‘निकियात मतदान घेऊन येशूंना देव बनवलं’ असे मेसेज फिरतात. ते दिशाभूल करणारे आहेत. त्याच्या जवळपास पावणेतीनशे वर्षं आधीच्या, संत पौल यांच्या पत्रांतही येशूंना ‘प्रभू’ म्हटलेलं आहे. निकियातला वाद पिता आणि पुत्र यांच्या नात्याचा होता.

आजही सगळ्यांचं एकमत नाही. यहोवाचे साक्षीदार येशूंना देवाचा पुत्र मानतात, पण सर्वसमर्थ देव मानत नाहीत.

इस्लाम आणि ज्यू धर्म

इस्लाममध्ये ईसा हे आदरणीय प्रेषित आहेत. कुमारी मरियमपोटी त्यांचा जन्म झाल्याचं कुराण सांगतं, पण ते देव किंवा देवाचे पुत्र असल्याचं नाकारतं. त्यांना क्रुसावर मृत्यू आला नाही, अशी बहुसंख्य मुस्लिमांची श्रद्धा आहे.

येशू स्वतः ज्यू होते. पण ज्यू धर्म त्यांना मसीहा मानत नाही आणि देव मानवरूप घेतो, हेही त्याला मान्य नाही.

थोडक्यात, टॅसिटस यांचा उल्लेख दाखवून देवत्व सिद्ध होत नाही आणि देवत्व नाकारलं म्हणून व्यक्ती काल्पनिक ठरत नाही.