चार सर्व्हर जास्त लावले की काम चौपट होतं का?

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." तहसील, बँक, सेतू केंद्र, रेशन दुकान, कुठंही जा, हे ऐकून हात हलवत परतलेला माणूस आपल्याकडं घरटी एक सापडेल. त्यावरची टपरीवरची चर्चाही ठरलेली. "एवढा पैसा आहे सरकारकडं, अजून चार सर्व्हर लावायला काय होतंय?" प्रश्न रास्त आहे. याच प्रश्नावर जगातली हुशार माणसं चाळीस वर्षं भांडत आलीत. मी काही कॉम्प्युटरवाला नाही, डिप्लोमा पत्रकारितेचा. पण हा इतिहास वाचायला घेतला आणि सुटेना. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

1986 साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मायकेल स्टोनब्रेकर यांनी एक छोटासा लेख लिहिला. अनेक प्रोसेसर एकाच डेटाबेसवर कामाला लावायचे तर वाटा तीन, असं त्यांनी मांडलं: शेअर्ड मेमरी, शेअर्ड डिस्क आणि शेअर्ड नथिंग. नावं अवघड वाटतात, पण आपल्या महसूल खात्यात तिन्ही दिसतात.

एकाच मोठ्या टेबलावर एकच रजिस्टर आणि भोवती दहा कारकून, ही शेअर्ड मेमरी. चौघं असेपर्यंत काम झपाझप होतं. दहावा आला की कोपराला कोपर लागतं आणि मोठं टेबल तरी किती मोठं करणार? दुसरी वाट: प्रत्येक कारकुनाला आपलं टेबल, पण रेकॉर्ड रूम सगळ्यांची एकच. गठ्ठा एकाकडं गेला की बाकीचे ताटकळत, आणि कोणता गठ्ठा कोणाकडं आहे याची नोंद ठेवायला वेगळा माणूस. ही शेअर्ड डिस्क. तिसरी वाट म्हणजे तलाठी सजा. प्रत्येकाची गावं वेगळी, दप्तर वेगळं, कोणी कोणाच्या दप्तराला हात लावायचा नाही. तालुक्यातलं एकूण ऊसक्षेत्र हवं? प्रत्येक तलाठी आपली बेरीज पाठवतो, तहसीलला फक्त बेरजांची बेरीज. हे शेअर्ड नथिंग, आणि स्टोनब्रेकर यांचं मत याच्याच बाजूनं होतं.

लेख यायच्या आधीच हे बाजारात आलेलं होतं. 1979 मध्ये निघालेल्या टेराडेटा कंपनीनं साध्या इंटेल 8086 चिप एकत्र जोडून यंत्र बनवलं, नाव डीबीसी/1012. दहाचा बारावा घात, म्हणजे एक टेराबाइट, हे त्यातलं स्वप्न. आज तेवढी हार्डडिस्क खिशात मावते, तेव्हा ऐकणाऱ्याला हसू आलं असेल. विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड डीविट यांनी गॅमा नावाचा प्रयोग याच पद्धतीनं उभा केला. 1987 मध्ये टँडेम कंपनीचं नॉनस्टॉप एसक्यूएल आलं.

आता प्रत्येक कंपनी म्हणणार, आमचंच वेगवान. मोजायचं कसं? इथं मला आवडलेला माणूस येतो, जिम ग्रे. 1985 मध्ये त्यांनी पुढाकार घेऊन बँकेच्या साध्या जमा-नावे व्यवहारावर आधारलेली एक चाचणी छापली. लेखकाचं नाव काय, तर 'अनामिक आणि इतर'! चाचणीत एक अट फार खमकी होती. सेकंदाला जास्त व्यवहार करतो म्हणताय ना, मग खाती, शाखा आणि कॅशियरही त्याच प्रमाणात वाढवून दाखवा. चिमूटभर डेटावर धावायची शर्यत बंद. 1988 मध्ये कंपन्यांनी मिळून टीपीसी ही मोजमापाची संस्था काढली, ती याच धाग्यावर. निवडणुकीतल्या विकासाच्या आकड्यांनाही अशी एखादी अट हवी होती, असं आपलं उगाच मनात आलं.

1992 मध्ये डीविट आणि ग्रे यांनी मिळून जे लिहिलं ते या पोस्टचं खरं कारण. त्यांनी दोन प्रश्न वेगळे केले. यंत्रं दुप्पट केली तर तेच काम निम्म्या वेळात होतं का? आणि काम दुप्पट, यंत्रंही दुप्पट, तर वेळ तेवढाच राहतो का? आड येणाऱ्या गोष्टी त्यांनी तीन सांगितल्या. सगळ्यांना कामाला जुंपण्यातच जाणारा वेळ. एकमेकांच्या पायात पाय. आणि असमान वाटप. तिसरी आपल्याला चांगली कळते: शहराला लागून असलेल्या सजात फेरफारांचा ढीग, डोंगराकडच्या सजात माशा मारणं. नवीन दहा तलाठी नेमले आणि ते डोंगरातच बसवले, तर ढीग तसाच राहणार.

शेअर्ड नथिंग जिंकलं असं सरसकट लिहिणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. दोन सजांत मिळून एक व्यवहार असला की दोघांचं एकमत होईपर्यंत दोन्ही दप्तरं अडकतात. तलाठी रजेवर गेला तर त्याची गावं ठप्प, म्हणून दप्तराची दुसरी प्रत शेजाऱ्याकडं ठेवावी लागते. सामायिक रेकॉर्ड रूममध्ये एक कारकून पडला तर दुसरा तोच गठ्ठा उघडतो. ऑरॅकलनं हीच वाट धरली. सुरुवातीला एका यंत्राकडचा बदललेला गठ्ठा दुसऱ्याला हवा तर आधी डिस्कवर लिहा, मग तिथून वाचा, असा द्राविडी प्राणायाम होता. 2001 च्या सुमारास गठ्ठा थेट नेटवर्कवरून हातोहात द्यायची सोय झाली. आजच्या क्लाउडवरच्या कितीतरी डेटाबेसमध्ये साठा एकीकडं आणि हिशेब करणारी यंत्रं दुसरीकडं असतात, म्हणजे सामायिक रेकॉर्ड रूम नव्या वेषात परत आली.

2009 ची एक तुलनाही सांगण्यासारखी. तेव्हा गूगलच्या मॅपरिड्यूस पद्धतीचा आणि त्यावर बेतलेल्या हडूपचा फार गवगवा होता. स्टोनब्रेकर, डीविट आणि सहकाऱ्यांनी 100 यंत्रांवर हडूप आणि दोन समांतर डेटाबेस समोरासमोर लावले. त्यांतला एक हडूपपेक्षा सरासरी 3.2 पट वेगवान निघाला, दुसरा त्याच्याही पुढं. पण डेटा आत भरायला डेटाबेसनाच जास्त वेळ लागला. चाचणी घेणारे डेटाबेसवाले होते हेही ध्यानात ठेवा.

आता आपल्या रोजच्या व्यवहारात या. रेल्वे आरक्षणाचं संगणकीकरण 1985-86 मध्ये दिल्लीत सुरू झालं. 1999 पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं एकमेकांना जोडली गेली. गाड्यांचा हिशेब या पाच केंद्रांत वाटलेला. तिकीट कुठूनही काढा, नोंद त्या गाडीच्या दप्तरातच होते. 2014 मध्ये ऑनलाइन तिकिटांची नवी यंत्रणा आली तेव्हा मिनिटाला 2,000 ऐवजी 7,200 तिकिटांची क्षमता जाहीर झाली. 'जागा आहे का' असं नुसतं बघणाऱ्यांचा भार असा वाटता येतो, कारण एकाच माहितीच्या हव्या तेवढ्या प्रती करता येतात. पण सकाळी दहा वाजता एकाच गाडीच्या एकाच डब्यातल्या शेवटच्या बर्थवर हजार बोटं एकदम पडतात, तेव्हा तो बर्थ एकच असतो. त्याची प्रत काढता येत नाही. तिथं एकाला देऊन झाल्यावरच दुसऱ्याला नाही म्हणता येतं, मागं सर्व्हर चार असोत की चारशे.