बाबासाहेबांच्या पेट्या आणि आपले कागद

कान्हेरीच्या लेण्यांत गेलात तर भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली दिसतात. त्यात आपल्या कल्याणचे लोक आहेत. त्या काळी कल्याण हे मोठे बंदर होते. इथल्या उपासकांनी भिक्खूसंघाला दान दिले, ते दगडावर लिहिले, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहेत. तथागतांची वचनेही भिक्खूंनी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवली आणि इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ती लिहून काढली. तेव्हा जपून ठेवणे हे धम्माचेच काम आहे. विहाराच्या वर्धापनदिनी परमपूज्य बाबासाहेबांच्या कागदपत्रांचा इतिहास सांगावासा वाटतो, तो यासाठीच.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्यामागे हस्तलिखिते, टाइप केलेली प्रकरणे, पत्रे, टिपणे यांचा ढीग राहिला. त्यातले पुष्कळ लिखाण छापलेलेच नव्हते. पुढे वारसाहक्काचे वाद झाले, घराचा मालक बदलला. १९६७ च्या जानेवारीत घरातले सामान अंगणात काढून टाकले गेले आणि वरून पाऊस पडला, असे बाबासाहेबांचे टंकलेखक नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. ज्या माणसाने देशाची घटना लिहिली, त्याचे कागद उघड्यावर भिजले. किती गेले त्याचा हिशोब कोण देणार?

जे वाचले ते कोर्टकचेरीच्या ताब्यात लोखंडी पेट्यांत बंद पडून राहिले. हे लिखाण छापा, नाहीतर आम्हाला छापू द्या, म्हणून नागपूरचे ॲड. जे. बी. बनसोड हायकोर्टात गेले. १९७६ साली महाराष्ट्र शासनाने समिती नेमली. १९७८ पासून वसंत मून यांनी हे काम अंगावर घेतले आणि १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड निघाला. पेट्या उघडल्यावर काही प्रकरणांची पाने गहाळ, काही ग्रंथ अर्धेच, अशी स्थिती होती. मून साहेबांनी पानाला पान जुळवले. २००२ साली ते गेले, पण तोवर खंडांची रांग उभी झाली होती. त्यांच्याआधी चांगदेव खैरमोडे यांनीही हयातभर बाबासाहेबांविषयीचे कागद गोळा करून बारा खंडांचे चरित्र लिहिले. ही माणसे नसती तर आपल्या हातात काय राहिले असते?

छापून आले तरी लढाई संपली नाही. १९८७ साली चौथा खंड, ‘रिडल्स’, निघाला आणि राम-कृष्णावरचे प्रकरण वगळा म्हणून ओरड झाली. तेव्हा लाखो भीमसैनिक मुंबईच्या रस्त्यावर उतरले, म्हणून ते प्रकरण राहिले. पुढे २०२१ साली खंडांची छपाई रखडल्याची दखल मुंबई हायकोर्टाला स्वतःहून घ्यावी लागली. पहारा सोडून चालत नाही.

याच कागदांत थोड्या पानांचे एक टिपण आहे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिका म्हणून काढले. मसूर स्टेशनवर उतरलेली लहान पोरे, दुप्पट भाडे देऊनही गाडी स्वतः हाकावी लागली, रात्रभर पाणी नाही. अमेरिकेतून शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात पारशी खानावळीतून काठ्या घेऊन हाकलले. चाळीसगावचा टांगा, दौलताबादचा हौद, सगळे त्यात आहे. बडोद्याची आठवण आली की इतक्या वर्षांनीही डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी स्वतः लिहिले. एवढा मोठा विद्वान, पण मनाची जखम लपवली नाही.

बंधू-भगिनींनो, हे आपण शिकायला पाहिजे. तथागतांनी मनाला अग्रस्थान दिले. आणि आपल्या वस्तीत काय चालतं? पाय मोडला तर सगळ्यांना सांगतो, मन खचलं तर दार लावून घेतो, नाहीतर देवऋषाकडे धावतो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे, पण त्याचे नाव निघाले की लोक हसतात. अपमानाने, बेकारीने मन आजारी पडते, त्याची लाज कसली? डॉक्टरकडे जावे, माणसांशी बोलावे आणि जमेल तसे लिहावे. लिहिलेले दुःख उद्या पुरावा होते.

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत असे पुरावे आहेत. धम्मदीक्षेचे फोटो, संपाची पत्रके, गिरणीची हजेरीकार्डे, गावाकडून आलेली पोस्टकार्डे. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास आणि वालधुनी घरांत शिरल्या, तेव्हा तळमजल्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांत पाणी गेले. अलीपूर रोडला झाले तेच इथेही झाले.

म्हणून विहार कमिटीला विनंती आहे. विहारात जमिनीपासून उंचावर एक लोखंडी कपाट ठेवावे. ज्यांना द्यायचे त्यांनी कागद द्यावेत, ज्यांना घरीच ठेवायचे त्यांच्या कागदांचे फोटो पोरांनी मोबाईलवर काढून घ्यावेत. फोटोच्या मागे नाव, गाव, साल लिहावे. म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून घ्यावे. कुणाचे खाजगी दुःख असेल तर त्याच्या परवानगीशिवाय ते उघडू नये. एवढे केले तरी पुढच्या पिढीला आपण कोण होतो ते कळेल.

जयभीम! नमो बुद्धाय!