दिंडीचा लष्करी ट्रक आणि त्याचे डिझेल इंजिन

दिंडीच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहायला बसलो तेव्हा जुन्या माणसांना आम्ही एकच प्रश्न विचारला, "वारीतली कोणती गोष्ट सांगायची राहू नये?" कुणी महापुराचे साल सांगितले, कुणी विणेकरी बुवांचे कीर्तन सांगितले. पण तिघा-चौघांनी वेगवेगळे बसून एकच उत्तर दिले, "आपल्या मिलिट्रीच्या गाडीचं लिवा. तिनं आपल्याला खायला घातलं, आन् एकदा घालवायलाबी निघाली व्हती." म्हणून हा लेख.

दिंडीच्या सुरुवातीच्या काळात सामान बैलगाडीतून जाई. राहुट्या, पातेली, वळकट्या, ज्वारी-तांदळाची पोती, सगळे गाड्यांवर. दिंडी वाढली तशी गाड्यांची संख्या वाढली आणि बैलांच्या वैरणीचाच प्रश्न माणसांच्या शिध्याएवढा झाला. पुढे काही वर्षे भाड्याचा ट्रक घेतला. भाडेवाला मुक्कामावर सामान टाकून निघून जाई, मग पाणी आणायला गाडी नसे. आपली स्वतःची गाडी पाहिजे, हा विषय भिसीच्या बैठकीत दरवर्षी निघे आणि पैशाच्या आकड्यापाशी येऊन थांबे.

नवी गाडी आवाक्यात नव्हती. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक बनू लागले होते, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो बाहेर पडत होते. पण ते व्यापाऱ्यांसाठी. गरिबाला परवडे ती डिस्पोजलची गाडी.

हे डिस्पोजल काय, ते आजच्या मुलांना सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशात अमेरिकन सैन्याने डोंगर फोडून रस्ता काढला. त्या रस्त्यावर आणि आसाम-बंगालच्या तळांवर हजारो लष्करी ट्रक धावत होते. १९४५ च्या ऑगस्टात युद्ध संपले आणि एवढी वाहने परत नेणे परवडेना. सरकारच्या डिस्पोजल खात्यामार्फत ती विकली गेली. जीप, डॉज, शेवरोले, फोर्ड, जीएमसी अशी नाना तऱ्हेची वाहने ठेकेदारांच्या हातात आली. त्यातल्या कितीतरी गाड्यांनी पुढे वीस-वीस वर्षे खडी, ऊस आणि लाकूड वाहिले.

आमच्या दिंडीची गाडी त्यातलीच. जीएमसीचा अडीच टनी, तीन आसांचा, मागे जोडचाके असलेला, दहा टायरांचा ट्रक. युद्धाच्या काळात असले पाच लाखांहून जास्त ट्रक बनले. आमच्या हाती आला तो साठीच्या दशकात, कोयनेच्या धरणाच्या कामावर माल वाहणाऱ्या एका ठेकेदाराकडून. हिरवा रंग उडालेला, हूड फाटलेले, पण चासी पोलादाची आणि सरळ. त्या वेळचे दिंडीचालक बुवा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "लढाईला गेलेली हाय, आता वारीला येऊ द्या." गाडी घेतली.

गाडी चांगली होती, पण पेट्रोल पीत होती. सहा सिलिंडरचे इंजिन गॅलनला आठ-नऊ मैलांच्या वर जात नसे. आळंदीहून पंढरपूर पालखीच्या वाटेने सुमारे दीडशे मैल. गावाहून आळंदी, पंढरीहून परत गाव आणि रोजच्या पाण्याच्या फेऱ्या धरल्या तर हिशेब चारशे मैलांच्या घरात जाई. म्हणजे पंचेचाळीस गॅलन पेट्रोल. भिसीचे पैसे टाकीत जाऊ लागले. डाळ पातळ झाली, गूळ बंद झाला.

एका वर्षी तर कहरच झाला. पैसे कमी पडले म्हणून टाकी अर्धी भरली. नीरेचे स्नान झाले, लोणंदचा मुक्काम झाला. तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाशी उभे रिंगण पाहून दिंडी आनंदात मुक्कामावर पोचली, तर गाडी नाही. पेट्रोल संपून मागेच उभी. तंबू नाही, पातेली नाही, पीठ नाही. वरून पाऊस. शेजारच्या दिंडीने भाकरी दिल्या, पण आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी रात्री अकरापर्यंत ओल्या जमिनीवर बसून वाट पाहिली. त्या रात्री एक आजी बुवांना म्हणाली, "माऊली, चालायचं आमी बगतो. तुमी फकस्त जेवण येळेवर आणा." हे वाक्य अजून आमच्या दिंडीत सांगतात.

परत आल्यावर बैठक झाली. एक बाजू म्हणे, गाडी विका आणि पुन्हा भाड्याने घ्या. दुसरी म्हणे, डिझेल इंजिन बसवा. डिझेल तेव्हा पेट्रोलच्या मानाने बरेच स्वस्त होते आणि कमीही लागे. पण इंजिनाला पैसा लागणार. अन्नदानाला दिलेला पैसा लोखंडात घालायचा का, यावर दोन रात्री वाद झाला. अखेर असे ठरले की भिसीच्या पैशाला हात लावायचा नाही. ज्याला जमेल त्याने वेगळे द्यावे, ज्याच्याकडे पैसा नाही त्याने कारखान्यात हमाली करावी. कुणी शेंगांचे पोते विकले, कुणी आठवडाभर मिस्त्रीच्या हाताखाली राबले.

काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाले. तिथल्या लेथवर आणि भट्टीवर इंजिनाचा कोणताही भाग घडवणारी माणसे होती. इंजिन मिळाले एका मोडीत निघालेल्या ट्रकचे, पर्किन्स पी-सिक्स. मूळचे विलायती, पन्नाशीच्या दशकात मद्रासच्या सिम्पसन कंपनीने ते आपल्याकडे बनवायला घेतले होते. सहा सिलिंडर, पावणेपाच लिटरच्या जवळपास, ताकद ऐंशी घोड्यांच्या आसपास. जुने पेट्रोल इंजिन याहून थोडे जास्त ताकदीचे होते. मिस्त्रीने हे लपवले नाही. म्हणाला, "माऊली, ह्यो गडी पळनार न्हाई, पर दमनारबी न्हाई."

दोन इंजिनांतला फरक सोपा आहे. पेट्रोल इंजिन हवा आणि पेट्रोलची वाफ सहा-सातपट दाबते आणि ठिणगीने पेटवते. डिझेल इंजिन नुसती हवा सोळापटीच्या आसपास दाबते. एवढ्या दाबाने हवाच इतकी तापते की वरून तेलाचा फवारा पडताच भडका होतो. ठिणगी लागत नाही, पण एवढा दाब सोसायचा म्हणून इंजिन जाड, जड आणि हादरे देणारे असते.

ते जीएमसीच्या पोटात बसवायचे म्हणजे अमेरिकन गिअरबॉक्सचे विलायती इंजिनाशी लग्न लावायचे. दोन्हींच्या बोल्टांची भोके जुळत नव्हती. मिस्त्रीने जाड पोलादी पाटी लेथवर उतरवली, एका बाजूला इंजिनाची भोके, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. खरी कसोटी भोकांची नव्हती, मध्याची होती. इंजिनाचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा एकाच रेषेत आला पाहिजे. केसभर जरी सरकला तरी क्लच आणि बेअरिंग वर्षभरात जाते. डायल लावून, पाटी काढून, घासून, परत लावून तीन दिवस गेले. क्लचप्लेट जीएमसीच्या दांड्याला बसेल अशी ठेवावी लागली, फ्लायव्हील पर्किन्सचे.

मग इंजिनाचे पाय नवीन केले, खाली जाड रबर दिले. पुढचा आस इंजिनाच्या बरोबर खाली. खड्ड्यात पाटे दबले की इंजिनाची तेलाची टाकी आसावर आपटायची. म्हणून इंजिन थोडे उचलले आणि पुढच्या पाट्यांत जादा पान घातले. वीज सहा व्होल्टची होती, डिझेलच्या सेल्फला बारा लागली. बॅटरी, डायनॅमो आणि सगळे बल्ब बदलले. पेट्रोलची टाकी धुऊन गंज काढला, कारण डिझेलच्या नोझलला धुळीचा कणही चालत नाही. नोझलमधून उरलेले तेल टाकीत परत जायला वेगळी नळी टाकली.

पहिल्या दिवशी गंमत झाली. ड्रायव्हर मामांनी सवयीने स्विच बंद केला आणि खाली उतरले, तरी इंजिन आपले धडधडतेच आहे! डिझेलला ठिणगीच नाही तर स्विच बंद करून काय होणार? तेल तोडणारी तार ओढावी लागते. गावातली पोरे आठवडाभर हसत होती.

वेग कमी झाला. पेट्रोल इंजिन मिनिटाला पावणेतीन हजार फेरे घेई, हे चोवीसशेवर थांबे. पण वारकऱ्याची चाल तासाला तीन मैल, आम्हाला वेग कशाला? गॅलनला पंधरा मैलांच्या आसपास पडू लागले. पंचेचाळीस गॅलनच्या जागी सत्तावीस, आणि तेही स्वस्त तेल. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत झाली. नारळ फुटला. सगळे खूश.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

त्या वर्षी दोन टन शिधा आणि वर सामानावर बसलेली बारा-पंधरा माणसे घेऊन गाडी आळंदीला निघाली. सातारा मागे पडला, खंबाटकीचा घाट चढला. उताराला लागल्यावर मामांनी ब्रेकवर पाय दिला, तर पॅडल दगडासारखे कडक! दोन्ही पाय देऊन उभे राहिले तरी गाडी सरकतेच आहे. एका बाजूला दरी. मामांनी खालचा गिअर कसाबसा टाकला, गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली आणि कठड्याला घासत उभी केली. पुढचे मडगार्ड गेले. माणूस एकही गेला नाही. वर बसलेल्या बायका खाली उतरल्या त्या पंढरीकडे तोंड करून रस्त्यावरच बसल्या.

दोष कशाचा, ते पुण्यात कळले. जीएमसीच्या ब्रेकला माणसाच्या पायाबरोबर व्हॅक्यूमची मदत असते. पेट्रोल इंजिन हवा ओढताना कार्बुरेटरच्या झडपेमागे जी पोकळी तयार होते, तीच पोकळी नळीने ब्रेकला जोडलेली असते. डिझेल इंजिन हवा मोकळी घेते, तिथे ब्रेकला पुरेशी ओढ होत नाही. आम्ही इंजिन बदलले आणि ब्रेकचा अर्धा जीव त्याच्याबरोबर काढून टाकला. कोल्हापूरच्या मैदानात रिकामी गाडी पायाच्या जोरावर थांबली होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. मिस्त्रीची एकट्याची चूक म्हणता येणार नाही. आम्हीही घाईला आलो होतो, भरलेली गाडी घाटात नेऊन पाहू असे कुणी म्हटले नाही.

कात्रजचा घाट माणसे उतरवून, पहिल्या गिअरमध्ये, चाकामागे दगड घेऊन दोघे चालत, असा उतरला. पालखीचे पुण्यात दोन मुक्काम असतात, तेवढाच वेळ हाती होता. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात व्हॅक्यूम ओढणारा पंप शोधला. तो इंजिनाच्या पट्ट्यावर जोडला, पोकळी साठवायला टाकी आणि उलटी हवा अडवणारा वाल्व बसवला. दुसऱ्या रात्री काम संपले. पहाटे दिवे घाटाकडे निघताना मामांनी भरलेली गाडी तीनदा उतारावर नेऊन थांबवून दाखवली, मगच बुवांनी सामानावर ताडपत्री टाकू दिली.

त्यानंतर त्या गाडीने आमच्या पुष्कळ वाऱ्या केल्या. पावसात मागची आठही चाके ओढत, चिखलात फसलेल्या दुसऱ्या दिंड्यांच्या गाड्याही तिने दोर लावून काढल्या. भिसीत पुन्हा गूळ आला. एकाही मुक्कामावर त्या रात्रीसारखे उपाशी बसावे लागले नाही. पुढे सुटे भाग मिळेनात तेव्हा गाडी मोडीत गेली. ती भोकांची पोलादी पाटी मात्र आम्ही काढून ठेवली आहे, मठाच्या कोठीत धान्याच्या तराजूशेजारी.

त्या घाटापासून आमच्या दिंडीत एक नियम आहे. गाडीचे काहीही काम केले की प्रस्थानाच्या आधी ती पूर्ण भरायची, माणसे न बसवता घाटात न्यायची आणि उतारावर थांबवून पाहायची. आज आमच्याकडे पाण्याचा टँकर आहे, दोन नवे ट्रक आहेत, ब्रेकही हवेचे आहेत. तरुण मंडळी कधी कधी कुरकुरतात, "शोरूममधून आलेली गाडी, कशाला एवढं?" त्यांनी हा लेख वाचावा. एक गोष्ट बदलली की तिच्यावर टेकलेली दुसरी गोष्ट कोणती, हे शोधल्याशिवाय काम पुरे झाले असे म्हणू नये. गाडीला हे लागू आहे आणि दिंडीच्या कारभारालाही.

टाळकरी, विणेकरी, चोपदार यांची नावे या ग्रंथात जागोजागी येतील. पण मुक्कामावर आपण पोचायच्या आधी ज्यांनी चुलवण पेटवले, पाणी भरले, गाडीखाली चिखलात पडून नट आवळले, ती माणसे दिंडीच्या फोटोत दिसत नाहीत. मामा नाहीत, मिस्त्री नाहीत, ती आजीही नाही. जेवण वेळेवर येते आहे, एवढे त्यांना कळवावेसे वाटते.

रामकृष्णहरी.