रानवाटेच्या मोटारी आणि त्यांच्या कमानी



मोटारीचा इतिहास सांगणारे बहुधा इंजिनापासून आरंभ करतात. मी आज कमानीपासून करणार आहे. कमान म्हणजे स्प्रिंग; गाडीचा सांगाडा आणि चाकाचा आस यांच्यामध्ये बसून खड्ड्याचा गचका स्वतःच्या अंगावर घेणारी. आपल्या शिग्रामाला आणि टांग्याला ती होती, बैलगाडीला नव्हती. आणि ज्यांनी लहानपणी बैलगाडीतून चार कोसांचा प्रवास केला असेल त्यांना या दोन वाक्यांतला फरक पाठीच्या कण्यातूनच कळलेला आहे.

आज हा विषय काढण्याचे कारण असे की, डोंगरदऱ्यांत गाडी घालण्याची हौस आपल्याकडे वाढली आहे, आणि अशी गाडी घेणारा तरुण प्रथम दुकानात जाऊन म्हणतो, “गाडी दोन इंच उचलून द्या.” म्हणजे उंच कमानी आणि लांब शॉक ॲब्सॉर्बर घाला. तो उंची विकत घेऊ पाहतो. परंतु कमानीचा सगळा इतिहास पाहिला तर असे दिसते की, ज्यांनी ती चांगली निवडली त्यांनी आधी वजन पाहिले आणि उंची शेवटी पाहिली.

यामागचा नियम फार जुना आहे. इंग्लंडातील रॉबर्ट हूक याने १६७६ मध्ये तो अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि १६७८ मध्ये कोडे उलगडले. त्या काळच्या विद्वानांना आपला शोध दुसऱ्याने पळवू नये याची अशी काळजी असे. नियम सोपा आहे: कमानीवर जितके ओझे, तितकी ती दबते. समजा एक कमान सेंटिमीटरभर दबायला तीस किलो लागतात. मागे अशा दोन कमानी असताना तीनशे किलोंचे सामान लादले, तर गाडीचा मागचा भाग पाच सेंटिमीटर खाली बसेल. सामान उतरले की तो पुन्हा वर येईल. आता सामान लादूनही गाडी उंच राहावी म्हणून कोणी दुप्पट ताठ कमान बसवली आणि बहुतेक दिवस रिकाम्याच गाडीतून हिंडला, तर ती कमान दबणारच नाही; गाडी उंच दिसेल, पण आतल्या माणसाला मात्र पुन्हा बैलगाडीचे सुख लाभेल.

घोडागाडीच्या जमान्यात लंडनच्या ओबाडाया इलियटने १८०४ च्या सुमारास एकावर एक पट्ट्या रचलेली लंबवर्तुळाकार कमान आणली. या पट्ट्यांच्या कमानीत एक गुण अनायासे आला होता. पट्ट्या एकमेकींवर घासत, त्यामुळे दबलेली कमान उसळून पुन:पुन्हा डोलत राहत नसे. घोड्याच्या वेगाला तेवढे घर्षण पुरे होते; मोटारीच्या वेगाला ते पुरेना. १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींच्यावर तयार झालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातून शॉक ॲब्सॉर्बर मिळतच नव्हते. दरम्यान फ्रान्समध्ये ट्रुफो याने घर्षणाच्या चकत्यांचा आणि हूदाय याने तेलाचा शॉक ॲब्सॉर्बर काढला होता. १९२७ अखेर फोर्डची मॉडेल ए आली ती हूदायची तेलाची साधने घेऊनच.

शॉक ॲब्सॉर्बर हे नाव मुळात फसवे आहे. गचका सोसते ती कमान. हे नळकांडे सोसते ते कमानीचे डोलणे. आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे. कमान उसळू लागली की तेलाला त्या छिद्रांतून जावे लागते आणि उसळीची शक्ती उष्णतेत जाते. खडबडीत रस्त्यावरून तासभर आल्यावर नळकांड्याला हात लावून पाहावा, चटका बसतो. म्हणून ताठ कमान घातली की तिची जोराची उसळी आवरणारा शॉक ॲब्सॉर्बरही तिच्या जोडीचाच लागतो. जुनाच ठेवला तर गाडी नावेसारखी डोलते. आणि कमान लांब, नळकांडे आखूड असे झाले, तर चाक खड्ड्यात लोंबताना सगळा हिसका नळकांड्याला बसून ते उपटून निघते.

आता जीपकडे येऊ. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या गाडीची मागणी केली, तेव्हा बँटम कंपनीची पहिली गाडी २३ सप्टेंबरला, मुदत संपण्यास जेमतेम अर्धा तास उरला असता, मेरीलँडमधील होलाबर्डच्या तळावर पोचली. या गाडीचे सरकारी नावच मुळी ती वाहणाऱ्या ओझ्यावरून होते: पाव टनाचा ट्रक. पुढे विलीज कंपनीच्या गाडीचे वजन सैन्याने ठरविलेल्या २,१६० पौंडांत बसेना, तेव्हा तिच्या इंजिनिअरांनी लांब बोल्ट छाटले आणि रंगाचा थरदेखील कमी केला. कमानीही अशाच वजन पाहून केलेल्या. युद्धकाळातील विलीज जीपच्या पुढच्या दोन कमानी एकसारख्या नव्हत्या; डावी अधिक ताठ होती. चालक डावीकडे बसे आणि पेट्रोलची टाकी त्याच्याच आसनाखाली असे. याला निवड म्हणतात! १९४७ मध्ये महिंद्र यांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पट्ट्यांच्या कमानींची ही गाडी पुढे आपल्याकडे पोलिसांनी, मामलेदारांनी आणि निवडणुकीच्या उमेदवारांनी सारखीच वापरली.

जीपपेक्षा चांगली गाडी करण्याच्या अमेरिकन सैन्याच्या प्रयत्नातून एम १५१ निघाली. तिची आखणी फोर्डने १९५१ पासून केली आणि १९६० च्या सुमारास ती सैन्यात आली. तिला सलग आस नव्हता. चारही चाके स्वतंत्र, त्यांना गुंडाळीच्या स्प्रिंगा. खाचखळग्यांत ती जीपपेक्षा कितीतरी मऊ चाले. परंतु वेगात वळण घेताना, विशेषतः गाडी रिकामी असताना, मागचे चाक आत दुमडे आणि गाडी उलटे. शत्रूची गोळी न लागताही सैनिक या गाडीखाली मेले. १९७० च्या सुमारास मागची रचना बदलावी लागली, आणि सैन्याने टाकून दिलेल्या या गाड्या लोकांच्या हाती अखंड पडू नयेत म्हणून बहुतांशी कापून भंगारात काढल्या गेल्या. चाकाची हालचाल आणि भार यांचा हिशेब चुकला तर केवढी किंमत पडते, हे सांगायला याहून वेगळे उदाहरण नको.

उलट इंग्लंडात १९७० मध्ये आलेल्या रेंज रोव्हरमध्ये स्पेन किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सलग आस ठेवला, पण पट्ट्या काढून लांब चालीच्या मऊ गुंडाळी स्प्रिंगा घातल्या. मऊ स्प्रिंगेची अडचण उघड आहे: माणसे आणि सामान मागे भरले की गाडी बसणार. त्यावर मागच्या आसावर एक जादा साधन बसविले. गाडीच्या चालण्याच्या हालचालीवरच ते आतले तेल उपसून घेई आणि बसलेला भाग पुन्हा पातळीवर आणी. म्हणजे उंचीसाठी ताठपणा पत्करला नाही.

याच गाड्यांपैकी दोन घेऊन जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल यांची ब्रिटिश तुकडी डिसेंबर १९७१ मध्ये अलास्काहून निघाली आणि जून १९७२ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाला पोचली. वाटेत पनामा व कोलंबिया यांमधील दारिएनचे दलदलीचे रान होते. तेवढे ओलांडायला सुमारे शंभर दिवस लागले. तिथे स्प्रिंगा टिकल्या, पण मागच्या आसातील डिफरन्शियल फुटू लागली. दलदलीसाठी म्हणून गाड्यांना भलेमोठे टायर चढविले होते. त्यांचा ताण दातेरी चक्रांना झेपला नाही.

ही गोष्ट आपल्या दोन इंचांच्या प्रश्नाला अगदी जवळची आहे. सलग आसाच्या गाडीला उंच कमान घातली तर वर जाते ते शरीर. आसाच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा, जो दगडाला प्रथम लागतो, तो जागच्या जागी राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायराने. मग उंच कमानीचा उपयोग काय? त्या मोठ्या टायराला जागा करून देणे. आणि टायर मोठा झाला की दारिएनचा हिशेब सुरू होतो! शिवाय गुरुत्वमध्य वर जातो, पुढच्या चाकांचा कल बदलून सुकाणू भरकटते, फिरत्या दांड्याचे कोन वाढून गाडी थरथरते. नाशिकला तयार होणाऱ्या २०२० च्या थारला पुढे स्वतंत्र चाके आहेत. अशा गाडीला उचलले की चाकाची खाली लोंबण्याची चालच तेवढी खर्ची पडते. आपल्याकडे कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखान्याच्या मूळ तपशिलात फेरफार करण्याच्या आड येते, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला आहे.

शॉक ॲब्सॉर्बरच्या निवडीत विचार उष्णतेचा. लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर दट्ट्या मिनिटाला शेकडो वेळा हलतो, तेल तापते, त्यात हवा मिसळून फेस होतो, आणि फेस दट्ट्याला अडवीत नाही. फ्रान्सच्या द कार्बाँ यांनी १९५० नंतरच्या दशकात एकाच नळीत तेलामागे दाबाखालचा नायट्रोजन, मध्ये सरकता पडदा, अशी रचना आणली. त्यामुळे फेस आवरला आणि नळीची उष्णता सरळ बाहेरच्या वाऱ्याला मिळू लागली. मात्र हिची नळी उघडी असते. तिच्यावर दगड बसून पोचा आला की दट्ट्या अडकतो. जुन्या दुहेरी नळीला बाहेरून पोचा आला तरी ती बहुधा चालत राहते. तेव्हा लांब पल्ल्याचा धुळीचा रस्ता असेल तर एक, आणि सह्याद्रीतल्या ओढ्यातील धोंड्यांत सावकाश चालायचे असेल तर दुसरी, असाही विचार करावा लागतो.

म्हणून ज्याला कमानी बदलायच्याच आहेत त्याने दुकानात जाण्याआधी वजनकाट्यावर जावे. गाडीत नेहमीची माणसे, पाणी, जादा चाक, तंबू सगळे घालावे. पुढचा आस काट्यावर ठेवून एक वजन घ्यावे, मागचा ठेवून दुसरे. मग रिकाम्या गाडीची तशीच दोन वजने घ्यावीत. हे चार आकडे लिहिलेला कागद दुकानदारापुढे ठेवावा, आणि या भाराला कोणती कमान आणि तिच्या जोडीला कोणता शॉक ॲब्सॉर्बर, एवढेच त्याला विचारावे.