रायगडचं दफ्तर गेलं, कुडाळच्या मिठाचं पत्र राहिलं

माझा पीएचडीचा विषय कळला की मालवणात हमखास विचारलं जातं: सिंधुदुर्ग किल्ला बांधला, त्याचे हिशेब कुठे बघायला मिळतील? कुठेच नाही. पण ते का नाहीत, हे समजायला संगणकातली एक गोष्ट उपयोगी पडते.

मोठ्या संस्थांच्या फाइल सर्व्हरमध्ये एकच माहिती वेगवेगळ्या मशीनवर ठेवतात. एकीकडची डिस्क बिघडली, तर दुसरीकडच्या प्रतींवरून ती भरून काढता येते. आधी ती प्रत शाबूत आहे ना, हे तपासायचं. मात्र जिची दुसरी प्रत कधी झालीच नाही, ती फाइल गेली ती गेलीच.

१६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला. तिथलं दफ्तर आज उपलब्ध नाही. ते जळालं असं परंपरेने सांगतात. म्हणजे मुख्य डिस्कच गेली म्हणा. तरीही आपण शिवकालीन पत्रं वाचतो, ती कशी?

त्या काळच्या इनामाच्या किंवा वतनाच्या पत्रांच्या शेवटी एक ठरीव सूचना असते. अधिकाऱ्याने तालीक, म्हणजे नक्कल, उतरवून घ्यावी आणि असल पत्र वतनदाराला परत द्यावं. एका हुकुमाचे कागद असे दोन-तीन ठिकाणी पोचत. वतनदार तर ते जिवापाड जपत, कारण पुढे भांडण झालं की हाच पुरावा! विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरले ते अशाच घरांतल्या रुमालांसाठी. १८९८ पासून निघालेले त्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड म्हणजे एका परीने ही रिकव्हरीच.

प्रत मिळाली म्हणजे ती खरी असेलच असं नाही. खोटी वतनपत्रं करणारेही होतेच. म्हणून अक्षर, कागद, कालगणना बघायची. मजकूर संपला तिथे मोर्तब आहे का, तेही बघायचं. नंतर कोणी खाली ओळ घुसडू नये, हाच तर त्या शिक्क्याचा उपयोग. आणि १६७४ च्या आधीच्या पत्रावर राज्याभिषेक शक दिसला, तर तुम्हीच ओळखाल.

आपल्या भागातलं माझं आवडतं पत्र डिसेंबर १६७१ चं आहे, कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेलं. गोव्याकडच्या बारदेशचं मीठ स्वस्त पडतं, व्यापारी तिकडे वळतात आणि संगमेश्वरच्या मिठाचं गिऱ्हाईक तुटतं. तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, असा हुकूम आहे. रायगडावर याची नोंद असेल-नसेल, पण पत्र वाचलं ते पाठवलं गेलं म्हणून.

समुद्रावरच्या हालचालींसाठी तर परक्यांच्या प्रती कामी येतात. १६६५ च्या सुरुवातीला महाराज मालवणहून बसरूरच्या स्वारीवर निघाले. तेव्हाच्या ८५ लहान आणि ३ मोठ्या जहाजांचा आकडा येतो तो कारवारच्या इंग्रज वखारीच्या पत्रव्यवहारातून. कंपनीचे लोक विलायतेला जाणाऱ्या पत्रांच्या नकला वेगवेगळ्या जहाजांनी पाठवत. एक बुडालं तर दुसरं पोचेल, एवढा साधा हिशेब. गोव्याचे पोर्तुगीजही हेच करत.

आता किल्ल्याकडे वळू. कुरटे बेटावर पाया घातला तो २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. पाथरवटांची मजुरी, चुन्याचा खर्च, होड्यांचं भाडं हे सगळं सरकारचं घरचं काम. त्याची नक्कल कोणत्या वतनदाराने कशाला ठेवावी? पाथरवटाला जपायला वतनपत्र नव्हतं. खर्चाचे जे गोल आकडे आपण ऐकतो, ते नंतरच्या बखरींतले. मी ते प्रबंधात ‘बखरकार म्हणतात’ एवढंच लिहून देतो. काही स्नेह्यांना ते आवडत नाही.

सध्या मी उलट बाजूने शोधतोय. ज्या व्यवहारात समोर दुसरा पक्ष होता, तेवढेच व्यवहार निवडायचे आणि त्या पक्षाचे कागद आधी बघायचे. पुढचे काही महिने त्यासाठी पणजीच्या पुराभिलेखागारात जातील.