निळूभाऊंचा पाटील

माळेगावच्या जत्रेतला सिनेमाचा तंबू. मध्ये कनात, एका अंगाला गडी, एका अंगाला बाया. पडद्यावर निळू फुले आले, की बायांकडून कडाकडा बोटं मोडल्याचा आवाज यायचा. आमची अम्मी दखनीत म्हणायची, "आया देखो मुर्दा!" नांदेड-लातूरकडच्या माझ्या पिढीतल्या अनेकांची या नटाशी ओळख झाली ती अशी.

मला त्यांची भीती वाटायची, पण कारण वेगळं होतं. वडील गावचे मुलाणी. एका कागदावर सही हवी म्हणून ते एका बड्या असामीच्या वाड्यावर खेटे घालत. मी सोबत असे. त्या मालकानं कधी आवाज चढवला नाही. "या मुलाणी, बसा. च्या घ्या," म्हणायचा. चहा यायचा, सही व्हायची नाही. निळूभाऊ पडद्यावर नेमकं तसंच बोलत. शब्द घोळवत, सावकाश, अर्धे डोळे मिटून. डोळे वटारणारा खलनायक आम्ही पुष्कळ पाहिला होता. असा अदबीनं गळा कापणारा पाहिला नव्हता. म्हणजे सिनेमात नव्हता, गावात होता.

हा माणूस मुळात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातला. पोटासाठी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलं. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगानं नाव झालं आणि १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'तल्या झेलेअण्णानं त्यांना पडद्यावर आणलं. १९७२ मध्ये रंगभूमीवर तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' त्यांनीच उभा केला. त्या नाटकावरून झालेलं वादळ आणि कोर्टकचेरी हा वेगळा विषय आहे.

मग 'सामना' आला. कवी रामदास फुटाणे निर्माते (कवीला सिनेमा काढायची हिंमत होते, याचं मला अजून नवल वाटतं), लेखन तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. यातला हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा धनी. समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर, आणि नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल त्याचा एकच प्रश्न. निळूभाऊंनी हिंदुरावाला राक्षस केलं नाही. तो रस्ते, दूध, शाळा दाखवतो, त्याचा त्याला खरा अभिमान आहे. प्रश्न टोचू लागतो तसा तो आतून ढासळतो. निजामाचं राज्य १९४८ ला गेलं, तरी वाड्यावरची बैठक गेली नाही, हे आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना कुणी सांगायला नको होतं. पण त्या बैठकीवर बसलेल्यालाही झोप लागत नसेल, असं मनात आलं ते हा सिनेमा पाहून.

पुढं 'सिंहासन'मध्ये (१९७९) तेच झाले पत्रकार दिगू टिपणीस. सत्तेचा सगळा खेळ पाहणारा, शेवटी वेड्यासारखा हसणारा. हिंदीत 'सारांश', 'मशाल', 'कुली' केले, पण तिथं त्यांना अशी जागा फारशी मिळाली नाही.

इकडं डॉ. लागू, डॉ. दाभोलकर यांच्यासोबत ते सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत हिंडले. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून.

१३ जुलै २००९ ला निळूभाऊ गेले. बातम्यांत त्यांच्या कामाबद्दल सांगत होते. अम्मीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग मला विचारलं, "वो हिंदुराव? वो ऐसा था?" मी हो म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही.