लीड्स ते बाटुमी: बुद्धिबळ संघटनांचा मागोवा

मुंबईत 1814 साली बुद्धिबळावरचे एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. कर्ता तिरुवेंगडाचार्य शास्त्री, आणि पुस्तकाचा आधार त्यांचाच संस्कृत ग्रंथ ‘विलासमणिमंजिरी’. युरोपी पद्धतीने खेळणाऱ्यांसाठी हिंदुस्थानी खेळातले डावपेच त्यांनी उलगडून दाखवले होते. असे पुस्तक काढावे लागले याचे कारण उघड आहे. पट तोच, चौसष्ट घरे तीच, पण कायदा निराळा. आपल्याकडचे प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे सरके. राजाला शह मिळालेला नसेल तर डावात एकदा घोड्यासारखी उडी घेता येई. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे त्या घराच्या मूळ मालकाचे रूप घेई: हत्तीच्या घरात गेले तर हत्ती, उंटाच्या घरात गेले तर उंट. त्यातही प्रांतागणिक फरक. महाराष्ट्रात प्याद्याने मात करणे हा मोठा मान समजला जाई आणि अख्खा डाव त्याच हेतूने रचणारे पटाईत होते. असा पटाईत परगावी बसला की पहिली बोलणी नियमांची होत. हा तंटा कायमचा मिटवायचा तर गावांच्या वर कुणीतरी हवे होते, आणि ते ‘कुणीतरी’ आपल्याकडे यायला पुढे जवळजवळ दीड शतक लागले.

इंग्लंडमध्ये ही गरज आधी भागली, पण तिथेही सुरुवात लंडनने केली नाही. जानेवारी 1841 मध्ये यॉर्कशर परगण्यातल्या क्लबांचे खेळाडू लीड्सला जमले. दिवसभर डाव, संध्याकाळी जेवण, भाषणे, आणि पुढचा मेळावा दुसऱ्या गावी घेण्याचा ठराव, एवढेच त्या मेळाव्याचे स्वरूप होते. पण दरवर्षी यजमान गाव बदलत गेले, शेजारचे परगणे सामील झाले, आणि 1850 च्या दशकात याच मेळाव्याचे आधी उत्तर व मध्य परगण्यांच्या संघटनेत आणि मग ब्रिटिश चेस असोसिएशनमध्ये रूपांतर झाले. नाव राष्ट्राचे घेतले तरी खाली बांधलेले काही नव्हते, त्यामुळे ती संस्था टिकली नाही. 1884 मध्ये त्याच नावाने पुन्हा प्रयत्न झाला आणि दहाएक वर्षांत तोही विरला. दरम्यान परगण्यांनी मात्र आपापली घरे बांधली होती. दक्षिणेचा संघ 1892 मध्ये उभा राहिला, उत्तरेचा 1899 मध्ये, आणि मधल्या काळात मध्य परगण्यांचा. हे प्रादेशिक संघ एकत्र आले तेव्हा 1904 मध्ये ब्रिटिश चेस फेडरेशन जन्मले आणि टिकले. त्याच वर्षी हेस्टिंग्जला त्याची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. स्कॉटलंडची संघटना 1884 पासूनच वेगळी होती, ती वेगळीच राहिली. या साठ वर्षांतून एक गोष्ट मला ठळक दिसते: वरून नाव देऊन उभारलेली संघटना दोनदा कोसळली, आणि खालून बांधत आलेली उभी राहिली.

जर्मनीत हेच काम एका गौरव समारंभाच्या निमित्ताने झाले. अडॉल्फ अँडरसन यांनी सोंगट्या हाती घेतल्याला पन्नास वर्षे झाली म्हणून 1877 च्या जुलैत लाइपझिगला देशभरचे खेळाडू जमले, आणि तिथेच जर्मन बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. राष्ट्रांचा मिळून एक संघ करावा ही कल्पना 1914 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेच्या वेळी निघाली, पण त्याच उन्हाळ्यात महायुद्ध पेटले आणि ती दहा वर्षे मागे पडली. अखेर 20 जुलै 1924 रोजी पॅरिसमध्ये 15 देशांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या आणि ‘फिडे’ ही जागतिक बुद्धिबळ संघटना अस्तित्वात आली. हॉलंडचे अलेक्झांडर रूब पहिले अध्यक्ष झाले.

त्या सह्यांमध्ये आपला देश नव्हता. खेळाडू मात्र होते, आणि तेही अव्वल दर्जाचे. कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जॉन कॉकरेन नावाच्या बॅरिस्टराने बंगालमधल्या महेशचंद्र बॅनर्जींशी शेकडो डाव खेळले. महेशचंद्र देशी वळणाने प्यादी एकेक घर सरकवीत आणि उंट बगलेला आणून बसवीत. कॉकरेनने ते डाव लिहून विलायतेला धाडले, तिथल्या नियतकालिकांत ते छापले गेले, आणि पुढे त्या मांडणीला सगळ्या जगाने ‘इंडियन डिफेन्स’ म्हटले. महेशचंद्रांच्या पाठीशी एक क्लब होता, संघटना नव्हती.

मीर सुलतान खानची कथा याहून बोलकी आहे. पंजाबातला हा खेळाडू सर उमर हयात खान यांच्या पदरी होता. देशी नियमांत वाढलेल्या सुलतानने 1928 मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि 1929 च्या वसंतात मालकाबरोबर तो लंडनला पोचला. त्याच वर्षी तो ब्रिटिश अजिंक्यवीर ठरला, आणि 1932 व 1933 मध्येही. हॅम्बुर्ग, प्राग, फोकस्टन इथल्या तिन्ही बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धांत, तो पहिल्या पटावर बसला, पण इंग्लंडच्या संघाकडून. हिंदुस्थानाला फिडेत खुर्चीच नव्हती, मग त्याचे नाव पाठवणार कोण? मालक मायदेशी परतले तसा सुलतानही परतला. 1935 मध्ये व्ही. के. खाडिलकरांशी तो दहा डावांचा सामना खेळला आणि त्यात त्याने फक्त एक बरोबरी दिली. यानंतर त्याला आंतरराष्ट्रीय पटावर आणणारे कुणी उरले नाही. फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो 2024 मध्ये, पाकिस्तानचा खेळाडू म्हणून, त्याच्या मृत्यूनंतर 58 वर्षांनी. राष्ट्रीय संघटना नसल्याची किंमत एका माणसाने केवढी मोजली, हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर 1951 मध्ये मद्रासेत अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1955 मध्ये आंध्रातल्या एलुरुला झाली. डी. वेंकय्या आणि आपले रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. पुढच्याच वर्षी महासंघ फिडेचा सदस्य झाला आणि मॉस्कोच्या ऑलिंपियाडमध्ये भारताचा संघ भारताच्या नावाने खेळला. 1961 मध्ये मॅन्युएल ॲरन आपले पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. देशी नियम मात्र एका रात्रीत गेले नाहीत. गावोगावच्या पारांवर आणि वाड्यांच्या ओसऱ्यांवर ते बराच काळ रेंगाळले. आंतरराष्ट्रीय नियम तालुक्यापर्यंत पोचवले ते राज्य संघटनांनी आणि स्थानिक मंडळांनी. सांगलीचे नूतन बुद्धिबळ मंडळ आणि त्याचे भाऊसाहेब पडसलगीकर यांचे नाव इथे आदराने घ्यायलाच हवे. महानगराचा पैसा किंवा मोठा प्रायोजक हाताशी नसताना त्यांनी वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या आणि मुलींना पटापुढे बसवले. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच सांगलीच्या.

मुलींचा विषय निघाला की आपल्याला 1976 पाशी थांबावे लागते. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा 1974 मध्ये बंगळुरूला सुरू झाली आणि पहिले विजेतेपद मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी मिळवले. वासंती, जयश्री आणि रोहिणी या ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या कन्या. पुढची दहा वर्षे हे अजिंक्यपद या घरातून क्वचितच बाहेर गेले. 1976 मध्ये जेमतेम तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ उठला. मुलगी खेळूच कशी शकते, असा आक्षेप निघाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तिथे खाडिलकरांची बाजू सरस ठरली. फिडेचे अध्यक्ष डॉ. मॅक्स ऑयवे, स्वतः माजी जगज्जेते, यांनीही निर्वाळा दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही. मुंबईच्या एका शाळकरी मुलीच्या प्रवेशावरून निघालेला वाद साऱ्या जगाचा नियम होऊन बसला. आजवर आपण नियम वरून खाली येताना पाहिले. इथे तो खालून वर गेला, आणि मला या सबंध इतिहासातले हे सर्वांत अभिमानाचे वळण वाटते.

पण परवानगीचा अधिकार ज्याच्या हाती असतो त्याला तो गाजवण्याचा मोहही होतो. फिडेने 1970 मध्ये खेळाडूची ताकद आकड्यात मोजणारे रेटिंग स्वीकारले, तेव्हापासून खेळाडूचा आकडा राष्ट्रीय महासंघामार्फतच पुढे जाऊ लागला आणि महासंघाचे वजन कितीतरी वाढले. 2009 च्या आसपास आपल्याकडे एक समांतर संघटना उभी राहिली. तिच्या स्पर्धांत खेळलेल्यांवर महासंघाने बंदी आणली आणि त्यांची नावे रेटिंग यादीतून गेली. काही खेळाडूंनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेकडे, दाद मागितली. जुलै 2018 मध्ये आयोगाने महासंघाला दोषी ठरवून सुमारे 7 लाख रुपयांचा दंड केला. खेळाडूने कुठे खेळावे यावर अशी सरसकट बंदी घालणे अन्यायाचे होते, आणि तो निर्णय मला योग्यच वाटतो. राज्य संघटनांमधली दुफळी, एकाच जिल्ह्यात दोन-दोन मंडळे, निवडणुकांचे खटले, या सगळ्याचा भार अखेर निवड चाचणीला आलेल्या मुलावर आणि त्याच्या पालकांवर पडतो.

राज्य आणि राष्ट्र एका दिशेने चालले की काय घडते ते 2022 मध्ये दिसले. युक्रेन युद्धामुळे रशियाकडून काढून घेतलेले ऑलिंपियाड महासंघाने आणि तमिळनाडू सरकारने मिळून मागून घेतले, आणि अवघ्या चार महिन्यांत मामल्लपुरमला जगभरचे संघ उतरवले. दोन वर्षांनी बुडापेस्टला भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदक जिंकले. महिला संघात नागपूरची दिव्या देशमुख होती.

आज जिल्हा स्पर्धेतून राज्य, राज्यातून राष्ट्रीय, आणि तिथून आशियाई व जागतिक वयोगट स्पर्धा हा रस्ता आखलेला आहे. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी हॉल मिळवतो, घड्याळे लावतो, रात्री जोड्या काढतो आणि सकाळी आठला हजर असतो. यांतले बहुतेकजण नोकरी सांभाळून हे करतात. हा रस्ता कुठवर जातो ते 28 जुलै 2025 रोजी दिसले: जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषकाचा टायब्रेक झाला तेव्हा पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीय होत्या, आंध्रची कोनेरू हंपी आणि विदर्भाची दिव्या. दिव्या जिंकली, आणि त्याच विजयाने ती देशाची 88 वी ग्रँडमास्टर झाली.